जिवतीच्या भिंतीवरचे डोळे

नागपूरला कॉलेजात आल्यावर पहिल्या काही दिवसांत मला एकच प्रश्न सारखा विचारला जायचा. घरी काय असतं? मी सांगायचो, धानाची शेती. आणखी? आणखी काही नाही. वडील शेती करतात, माय घरी असते. ते उत्तर खोटं नव्हतं, पण आज मला ते अपुरं वाटतं. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, माझी माय चित्रं काढते. सांगताना अजून थोडा अडखळतो, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: कशाची चित्रं? मग सगळंच सांगावं लागतं. मला बोलताना ते नीट जमत नाही. म्हणून एकदा लिहून पाहतो आहे.

आमचं गाव आरमोरीहून कुरखेड्याकडे जाताना आत, जंगलाच्या कडेला आहे. गावात घरं मातीची, वर कवेलू. दर दिवाळीच्या आधी बाया पांढऱ्या मातीनं भिंती पोतारतात, आणि त्या पांढऱ्यावर कोणी ना कोणी काही ना काही काढतेच. माझी माय त्यातली नावाजलेली. लग्नाच्या घरी, सणाच्या घरी तिला बोलावणं यायचं. पण तिचा खरा दिवस म्हणजे जिवती.

आषाढातल्या अमावास्येला आमच्याकडे जिवतीची पूजा असते. त्या दिवशी ढिवर येऊन जाळ्याचा एक तुकडा दारावर लावून जातो, लोहार उंबऱ्यात खिळा ठोकून जातो, आणि घरातली बाई भिंतीवर गेरूनं जिवती काढते. जिवती म्हणजे लेकरांना जपणारी आई. मधे ती, आणि तिच्या भोवती लहान लहान आकृत्या. घरात जितकी लेकरं, तितक्या आकृत्या. मग तिच्यासमोर दिवा लावून लेकरांना ओवाळायचं. गावात ज्या बायांचा हात वळत नसे त्या आदल्या दिवशीच येऊन सांगून ठेवत, "बाई, सकाळी माह्या घरी येजो वो. गेल्या साली मी काढली तं पोट्टे म्हणत होते का बेडूक हाय." माय हसायची आणि जायची. सकाळभर ती घरोघर फिरायची. परत यायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत.

तिचं सामान साधं होतं. गेरू, पांढरी माती, वालाच्या पानांचा हिरवा रस आणि दिव्याची काजळी. कुंची म्हणजे शिंदीची काडी, टोकाला दगडानं ठेचलेली. आषाढात भिंती ओल्या असतात आणि ओल रंग खाऊन टाकते, म्हणून रंगात धावड्याचा डिंक विरघळवून घालायचा. किती घालायचा हे तिच्या बोटांना माहीत होतं. जास्त झाला तर रंग सुकतच नाही. काजळीची वाटी धरायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. ती सात वर्षांची होती. वाटी धरता धरता तिला कशाचंही हसू यायचं आणि वाटी हलायची. मग माय म्हणायची, "हास, पण वाटी धरून हास."

मी मॅट्रिकच्या परीक्षेला ब्रह्मपुरीला होतो तेव्हा गावात देवी आल्या. आमच्याकडे देवी आल्या असं म्हणत नाहीत, माता आली म्हणतात. माझ्या बहिणीला माता आली. देवीची लस टोचणारा माणूस त्याच्या आदल्या हिवाळ्यात गावात येऊन गेला होता, पण लोकांनी लेकरं लपवली. टोचून मुद्दाम मातेला बोलावतात असं वाटायचं. बाबांनी तिला धानाच्या रिकाम्या ढोलीत बसवून वर सूप झाकलं होतं. त्यातही ती हसत होती म्हणे, आणि बाबा बाहेरून ढोलीवर टिचक्या मारून तिला गप्प करत होते. मी शाळेत होतो म्हणून सापडलो. माझ्या दंडावर त्या टोचण्याचे वण आहेत.

माता घरात असली की काही नियम असतात. फोडणी द्यायची नाही, वहाण घालून आत यायचं नाही, आणि रडायचं नाही. रडलं तर मातेला वाटतं, ह्यांना मी नको आहे. आणि मातेनं लेकरू नेलं तरीही रडायचं नाही. तिनं आपलं म्हणून नेलं. रडणाऱ्या घराकडे ती पुन्हा वळते. ज्या घरात आणखी लेकरू असेल त्या घरातल्या आईनं तर डोळ्यातून थेंबही काढायचा नाही.

आमच्या घरात आणखी लेकरू म्हणजे मी होतो.

परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा दारावरची कडुलिंबाची डहाळी वाळून कडक झाली होती. मला कोणी काही कळवलं नव्हतं. माय चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "पेपर बरे गेले का?" मी म्हटलं, बरे गेले. मग मी इकडे तिकडे पाहिलं. वाटीएवढं घर, त्यात कुठं कोण नाही हे शोधायला वेळ लागत नाही. माय म्हणाली, "जेवून घे." मी जेवलो. बाबा पुढच्या छपरीत पाठ करून बसले होते. त्या दिवशी कोणीही रडलं नाही.

नंतर उन्हाळाभर मी मायकडे पाहत होतो. ती मोहफुलं वाळवायची, सगळी कामं करायची, आणि बोलणं मात्र कामापुरतंच. चुलीच्या धुरानं माझे डोळे चुरचुरायचे, बाबा डोळे पुसत बाहेर जायचे, आणि माय त्याच धुरात कोरड्या डोळ्यांनी भाकर थापत बसलेली असायची. ते पाहून मला भीती वाटायची. पाणी अडवून ठेवता ठेवता तिच्या आतली वाटच बुजली की काय, असं मनात यायचं. आणि ते ती माझ्यासाठी करते आहे, हे मला कळत होतं. पण त्यावर काय बोलावं हे मला कळत नव्हतं. शेवटी कॉलेज सुरू झालं आणि मी नागपूरला गेलो.

थोड्याच दिवसांत बाबांचा निरोप आला. धानाच्या रोवण्याला माणूस कमी आहे, आठ-दहा दिवस येऊन जा. मी लहान रुळांच्या रेल्वेनं वडशाला उतरलो, पुढे बैलगाडीनं गावी आलो, आणि आलो तो जिवतीच्या आदल्या दिवशी.

त्या संध्याकाळी मायला सांगायला कोणीही आलं नाही. ज्या बाईचं लेकरू गेलं तिच्या हातची जिवती कोणाला नको होती. हे मायलाही ठाऊक असणार. तरी ती दिवेलागणीपर्यंत दारात तांदूळ निवडत बसली होती, आणि वाटेनं कोणी गेलं की मान वर करत होती.

सकाळी बाबा चिखलणीला गेले. मी धानाची रोपं, पऱ्हे, उपटायला गेलो आणि न्याहारीला परत आलो. माय छपरीतल्या भिंतीसमोर बसली होती. भिंत आदल्या दिवशीच तिनं पोतारली होती. त्यावर जिवती काढून झाली होती, आणि जिवतीच्या उजव्या हाताशी एक मुलगा. तो मी. डावीकडची जागा मोकळी होती. दरवर्षी तिथं एक मुलगी असायची, फ्रॉकसारखा त्रिकोण आणि वर दोन वेण्या.

मायनं गेरूची कुंची खाली ठेवली. काजळीची वाटी घेतली, त्यात डिंकाचं पाणी ओतलं, आणि मी पाहतच राहिलो, कारण ती ओततच होती. वाटी धरणारी नव्हती, म्हणून ती तिनं दोन पायांत धरली. मग त्या मोकळ्या जागेत तिनं एक डोळा काढला. तळहाताएवढा. मग दुसरा. चेहरा नाही, नाक नाही, वेण्या नाहीत. फक्त दोन डोळे, आणि त्यांतली बुबुळं काळी, ओली, चकचकीत.

ते कोणाचे आहेत हे सांगावं लागत नव्हतं.

बाबा दुपारी आले. चिखलाचे पाय धुऊन छपरीत चढले आणि थांबले.

"हे काय काढलं वो?"

माय कुंची धूत राहिली.

"जिवती हाय ते. जित्या लेकरांसाठी असते. गेलेल्याचे डोळे काढते का कोणी तिच्यापाशी? एकच पोरगा राह्यला आपला. त्याच्यावर काऊन नजर पाडून राह्यली तू?"

बाबा वाईट माणूस नाहीत. ते घाबरले होते. त्यांनी पांढऱ्या मातीची बादली ओढली, पोताऱ्याचं फडकं भिजवलं आणि भिंतीपाशी गेले. माय उठली नाही, आडवी आली नाही. ती फक्त भिंतीकडे पाहत राहिली. आणि बाबांचा हात वर जाता जाता थांबला. ते माझ्याकडे वळले.

"तू सांग बाबू. तू शिकलेला हाय. आणि तुह्याच जिवाची गोष्ट हाय."

माझं शिक्षण तिथं काय उपयोगाचं होतं मला माहीत नाही. मला त्या वेळी फक्त भिंतीकडे पाहता आलं.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं. "माही बहीण मले काऊन वाईट पाहील? मले पाहून ते हासतच होती."

बाबांनी पोतारा बादलीत टाकला. बादली मात्र उचलली नाही. ती भिंतीखाली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला. शेतात रोवणा आणि वर झड. घरात हात लावू तिथं ओल. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भिंतीवरच्या त्या दोन डोळ्यांना पाणी सुटलं होतं. डिंक जास्त झाला होता. जास्त डिंकाला हवेतली ओल धरते हे मायला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बुबुळांच्या खालच्या कडेला काळे थेंब जमले होते आणि त्यातला एक बारीक रेघ काढत खाली उतरत होता.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, भिंतीवर भूत काढलं. एकजण बांधावरून बाबांना ओरडून म्हणाला, "भाऊ, आता तुह्या घरी चोर नाई येत गा! रातदिस पहारा हाय!" बाबांनी मान खाली घालून पऱ्ह्याची जुडी फेकली, ती बरीच लांब जाऊन पडली.

त्या दुपारी शेजारची बुढीमाय आली. गावात तिचा शब्द चालतो. कोणाच्या घरी काय करायचं नि काय नाही हे सांगण्यात तिचं आयुष्य गेलेलं. डोक्यावरची पोत्याची खोळ झटकत ती छपरीत आली आणि माझ्याच अंगावर पाणी उडालं.

"काय वो बाई, गाव बोंबलून राह्यलं. कुठी हाय ते भूत? दाखव मले."

मायनं हातानंच भिंत दाखवली. बुढीमाय जवळ गेली. तिला कमी दिसतं, म्हणून नाक भिंतीला लागेल इतकी जवळ गेली. मग बराच वेळ तिथून हलली नाही.

"हे तं रडून राह्यले," ती म्हणाली.

मला वाटलं आता काही भलतंच होईल, म्हणून मी घाईनं म्हटलं, "डिंक जास्त झाला बुढीमाय. हवेतलं पाणी धरते डिंक."

"चूप रे! तुह्या बापाच्या जन्माआधीपासून डिंक वेचून राह्यली मी. मले डिंक शिकवते नागपूरवाला!"

ती मायकडे वळली. माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि बोलणी खायची तयारी तिच्या तोंडावर दिसत होती. बुढीमाय भिंतीखालच्या बादलीशेजारी खाली बसली.

"मातेनं नेलेल्याले रडू नाई म्हणते," ती म्हणाली. "माह्या सासूनंही मले हेच सांगतलं. मी तुले तेच सांगतलं. पण मनाई कोणाले हाय? माणसाले हाय. भिंतीले कोणी केली मनाई?" मग स्वतःच्याच बोलण्यावर ती थोडी हसली. "भिंत रडली तं माता काय भिंतीचं लेकरू नेईल?"

पावसाचा आवाज येत होता. बुढीमायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"माह्या पोराचे काढशील का वो?"

तिला मुलगा होता हेच मला माहीत नव्हतं. मी तिला नेहमी मुलींचीच आई म्हणून ओळखत होतो. माय चौकटीपासून पुढे आली. आणि उन्हाळ्यापासून जी कामापुरतंच बोलत होती तिनं विचारलं, "कसे होते वो त्याचे डोळे?"

आजवर बुढीमायला हे कोणी विचारलं नसावं. ती भिंतीकडे वळली. मग सांगू लागली. पापण्या लांब होत्या. बुजगावण्याचीही नजर लागावी इतक्या लांब. झोपला की गालावर त्यांची सावली पडे, आणि ती बोटानं त्या सावलीला शिवून पाही. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. पावसाळ्यात नाला वरून भरत येतो तसं ते रडणं आलं, आधी लांबून आणि मग एकदम. तिचं सबंध अंग हलत होतं. आणि त्यातच ती वर पाहून म्हणाली, "मी नाई रडून राह्यली मातामाय. डिंक हाय हा. डिंक हाय."

मायनं कुंची उचलली. बुढीमाय रडत होती आणि माय काढत होती. पापण्यांपाशी ती थांबली. "इतक्या लांब?" "आणखी." तिनं आणखी लांब काढल्या. मी वाटी धरली.

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगू शकतो. रोवण्याहून परतणाऱ्या बाया, गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काष्टा तसाच, एकेक करून आमच्या छपरीत येऊन बसू लागल्या. पहिल्यांदा पाहायला म्हणून यायच्या. मग त्यातली एखादी मागे राहायची. गावात मातेनं नेलेली किती लेकरं होती हे मला तेव्हा कळलं. ज्या बायांना मी रोज पाहत होतो, विहिरीवर एकमेकींची थट्टा करताना ऐकत होतो, त्यांतल्या कित्येकींच्या आत एक न रडलेलं लेकरू होतं.

माय प्रत्येकीला तोच प्रश्न विचारायची. कसे होते? आणि ती घाई करायची नाही. एक तरुण बाई म्हणाली, "नाई आठवत बाई. डोळे सुजून बुजले होते. तेच तेवढं आठवते." मायनं कुंची खाली ठेवली. मग म्हणाली, "दूध पेताना कुठी पाहत होती ते?" त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "माह्या नथीकडे," ती म्हणाली. "एकटक." मायनं वर पाहणारे, थोडे तिरपे, नथीला खिळलेले दोन डोळे काढले. ती बाई त्यांच्या बरोबर खाली, जिथून ते तिच्याकडे पाहतील अशा जागी जाऊन बसली. मग ती रडली.

जंगलातल्या गावची एक गोंड बाई आमच्याकडे अधूनमधून बांबूचे कोंब आणि मोहाच्या बिया घेऊन येते. तिचे देव वेगळे, भाषा वेगळी. मराठी तिला मोजकीच येते. ती भिंतीसमोर टोपली उतरवून उभी राहिली. मायनं तिलाही विचारलं. तिला शब्द सापडेना. मग तिनं टोपलीत हात घालून मोहाच्या दोन बिया काढल्या, पदराला घासून पुसल्या आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवून मायपुढे धरल्या. लांबट, तपकिरी, चमकणाऱ्या. मायनं काजळीत गेरू मिसळला आणि तसा रंग येईपर्यंत बोटावर लावून पाहत राहिली. ते डोळे त्या भिंतीवरचे सगळ्यात सुंदर डोळे होते असं मला वाटतं. जाताना त्या बाईनं त्या दोन बिया भिंतीच्या पायथ्याशी ठेवल्या.

एकही जोडी दुसऱ्या जोडीसारखी नव्हती. चिडके होते, झोपाळू होते, एक जोडी काहीतरी चोरून खाताना पकडलेली होती. ती तर पाहून बाया रडता रडता हसल्या, कारण त्या पोराला सगळ्यांनी ओळखलं. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की अंगावर काटा यायचा, पण भीती वाटायची नाही. नागपूरला मी नंतर चित्रांची पुस्तकं पाहिली, चांगली चित्रंही पाहिली. मला चित्रातलं फार कळत नाही. पण मायच्या त्या भिंतीचा मला जो अभिमान वाटला तो मॅट्रिक पास झालो तेव्हा स्वतःचाही वाटला नव्हता.

एवढं सगळं होऊनही माय स्वतः रडली नव्हती. ती सगळ्यांना विचारत होती, पण तिला कोणी विचारत नव्हतं. तिच्या लेकीचे डोळे तर काढून झालेले, सगळ्यांत आधीचे. आता काय विचारायचं, असं सगळ्यांना वाटत असेल. मलाही तसंच वाटलं. आणि बादली अजून तिथंच होती. पांढरी माती तळाशी बसून तिला भेगा पडल्या होत्या.

माझा परत जायचा दिवस उद्यावर आला. रोवणा आटोपला होता. दुपारी झड थांबली आणि छपरीत थोडं ऊन आलं. बाबा शेतातून आले. गेले कित्येक दिवस ते त्या भिंतीकडे न पाहता, खाली बघत आत जायचे. त्या दिवशी ते थांबले. मी सामान बांधत होतो, माय सूप घेऊन बसली होती. बाबा पहिल्या जोडीसमोर उभे राहिले. हाताची घडी घातली, सोडली.

"डावा चुकला," ते म्हणाले.

मायनं वर पाहिलं. "काय चुकला?"

"हासली का तिचा डावा डोळा बारीक होत होता. मिटतच होता जवळपास. तू दोन्ही सारखे काढले."

मला ते ऐकताक्षणी आठवलं. इतके दिवस मी त्या डोळ्यांकडे पाहत होतो आणि मला ते आठवलं नव्हतं.

"मी हासतानाचे नाई काढले," माय म्हणाली.

बाबा भिंतीच्या आणखी जवळ गेले. "मी ढोलीत लपवली तवा फटीतून पाह्यलं होतं," ते म्हणाले. "आत बसून हासून राह्यली होती. तोच डोळा दिसत होता. बारीक." मग ते मायकडे वळले. "हासतानाचे काढ ना वो."

सूप मायच्या मांडीवरून घसरलं, तांदूळ पसरले. तिचं तोंड वाकडं झालं आणि तिनं घाईघाईनं पदर तोंडात कोंबला, जसा तिनं इतके महिने कोंबला असेल. तिची नजर माझ्याकडे होती. बाबांनी ते पाहिलं. ते माझ्यापाशी आले, माझी बाही वर सरकवली आणि माझा दंड तिच्यासमोर धरला.

"त्याले टोचलं हाय," बाबा म्हणाले. "हे पाह्य वण. त्याले काई नाई होत. तू रड."

मायनं पदर सोडला.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. बुढीमाय धावत आली, दारातच थांबली, आणि तशीच उलट पावली गेली. बाबा मायच्या शेजारी बसले आणि खाली सांडलेले तांदूळ एकेक वेचत राहिले. मला माझा दंड काय करावा कळेना, मी बाही वरच ठेवली.

संध्याकाळी मायनं चुलीवर फोडणी दिली आणि धुरानं तिच्या डोळ्यात पाणी आलं. ती डोळे पुसत बाहेर आली. बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

दिवाळीच्या आधी मायनं ती भिंत पोतारली. तिनं स्वतः, त्याच बादलीत नवी माती भिजवून. मी सुटीत घरी पोचेपर्यंत भिंत कोरी होती. मला वाईट वाटलं, तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, "जिवतीची भिंत हाय बाबू. दर साली नवी होते. आणि ते सारे डोळे पाहून झाले ना." त्या हिवाळ्यात टोचणारा पुन्हा आला तेव्हा बाबांनीच त्याला आमच्या छपरीत बसवलं. त्या बायांनी लेकरं तिथंच आणली. एकही ढोलीत लपलं नाही असं मी म्हणणार नाही, पण बाबांनी ढोल्यांवर टिचक्या मारून ती बाहेर काढली.

पुढच्या जिवतीला मायला आदल्या दिवशीच बोलावणी आली. सगळ्या घरी ती पोचणार कशी, म्हणून काही बायांनी स्वतःच काढली. कुठं कुठं जिवतीच्या डाव्या हाताशी दोन डोळे होते. आमच्या घरी मायनं ते सगळ्यात शेवटी काढले. डावा बारीक.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मी वडशाला उतरलो. स्टेशनाबाहेर जो गाडीवान मिळाला तो ओळखीचा नव्हता, पलीकडच्या गावचा होता. मी गावाचं नाव सांगितलं.

"कोणाचा गा तू?" त्यानं विचारलं.

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, कळलं नाही.

"भिंतीवर डोळे काढते ना एक बाई," मी म्हटलं, "तिचा."

त्यानं कासरा ओढला आणि वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "डोळेवालीचा होय! मंग आधी काऊन नाई सांगतलं?" त्यानं माझी पेटी उचलून पुढे, चांगल्या जागी ठेवली. बराच वेळ तो बैलांशीच बोलत राहिला. मग न वळता म्हणाला, "माही एक पोरगी होती. माह्या घरची बाई यायले लाजते. तू मायले सांगून पायशील का?"

"सांगतो," मी म्हटलं. मग थोडा अडखळलो, कारण हे मी आजवर कोणाला विचारलं नव्हतं. "कसे होते तिचे डोळे?"

गाडीवानानं कासरा सैल सोडला. बैलांना वाट माहीत होती. तो सांगू लागला, आणि गाव येईपर्यंत मी ऐकत होतो.